करवंटीखालची किंमत

गणिताच्या मास्तराला कुणाचं कौतुक करता येत नाही, असं माझी बायको म्हणते. तिचं बरोबर आहे, पण त्याचं कारण तिला ठाऊक नाही. मला एकदा ते करता आलं होतं. मालवणात असताना एका दुपारी, फार तर पाच मिनिटं, मी एका माणसाचं अगदी मनापासून कौतुक केलं. त्या पाच मिनिटांपायी त्याची नोकरी गेली, गाव सुटलं आणि हातातलं कामही सुटलं. तेव्हापासून मी पोरांच्या वहीत 'शाबास' लिहिलेलं नाही. बरोबरची खूण करायची आणि पुढच्या गणिताकडे वळायचं.

तो माणूस म्हणजे आमच्या हायस्कुलातले ड्रॉइंग मास्तर. मी घाटावरून नुकताच आलेला, पंचविशीचा. ते पन्नाशीला टेकलेले. उंच, वाळकुडे, अंगात पांढरा सदरा, त्याच्या लांब बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून बंद केलेल्या, अगदी मे महिन्यातसुद्धा. त्या मुलखात रेल्वे नव्हती. मुंबईला जायचं तर बोटीनं आणि कोल्हापूरला जायचं तर एस.टी.त बसून, फोंडाघाटात आतडी पिळवटून घेत. अशा ठिकाणी हा माणूस घरी बसून आगगाडीची इंजिनं करायचा. दीड वीत लांबीची, हुबेहूब. शाळेतल्या निम्म्या पोरांनी इंजिन पाहिलं होतं ते फक्त मास्तरांच्या ओटीवर.

तरुणपणी ते मुंबईला रेल्वेच्या एका कारखान्यात होते. काम काय, तर दुरुस्त होऊन बाहेर पडणाऱ्या इंजिनांवर नंबर रंगवायचं. बारा वर्षं त्यांनी आकडे रंगवले आणि एक दिवस सोडून गावी आले. मालवणच्या मेढा भागात त्यांचं घर होतं, तिथं विधवा बहिणीबरोबर राहू लागले. परत का आलात, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "आकडे संपले." दुसऱ्यांदा विचारायची कुणाची छाती होत नसे.

वर्गात ते पोरांना पोपट आणि पेरू काढू देत नसत. टेबलावर खडूची बंद पेटी ठेवायचे आणि सांगायचे, "आतलां काढा." एका मुलानं पेटीत पाल काढली, त्याला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. एकदा हेडमास्तर वर्ग तपासायला आले, तर मास्तर मुलांना शांतपणे म्हणाले, "आता ह्येंच्या डोक्यातलां काढा." मागच्या बाकावरच्या एकानं कोरा कागद दिला. तो कागद मास्तरांनी पुढं कित्येक दिवस जपून ठेवला होता आणि आम्हा मास्तर मंडळींना खोलीचं दार लावून दाखवला होता.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. ते कुणाच्या हातात कधी काही देत नसत. खडू द्यायचा तर टेबलावर ठेवायचे आणि दोन पावलं मागं व्हायचे. सुपारी, वर्तमानपत्र, हजेरीपट, सगळं तसंच. शाळेच्या गणपतीला जेवणाची पंगत असायची तेव्हा स्वतःची केळीची पानं घरून आणून अगदी टोकाला बसायचे, पाणी स्वतःच्या लोटीतलं प्यायचे. आम्ही म्हणायचो, भटापेक्षा सोवळा आहे हा बुवा. शिक्षकांच्या खोलीत त्यावर चिकार विनोद व्हायचे आणि त्यातले बरेच माझे असायचे.

मी त्यांच्या घराच्या अगदी जवळ खोली घेऊन राहत होतो, त्यामुळं संध्याकाळी त्यांच्या ओटीवर जाऊन बसायची मला सवय लागली. मला ते "गणितमास्तर" म्हणायचे, जरा चिडवूनच. घासलेटच्या डब्याचा पत्रा, शिवणीचं लाकूड, चाकांना शिसम. जोड भरायला लाख. लाख दिव्यावर वितळवायची, जोडात ओतायची आणि गरम असतानाच डाव्या अंगठ्यानं दाबायची. इंजिन पुरं झालं की त्याच्या पोटाला लाखेची एक टिकली लावून तिच्यावर अंगठा उठवायचे. नाव नाही, सही नाही. तो अंगठा हीच त्यांची खूण. घेणारे इंजिन हातात आलं की आधी उलटं करून ती बघायचे.

घेणारे म्हणजे कोण, असं वाटेल. पण होते. वेंगुर्ल्याचे एक काजूवाले शेट, त्यांच्याकडे तीन इंजिनं. कुडाळचे एक डॉक्टर, त्यांच्याकडे दोन. शिवाय जहाजावर नोकरी करणाऱ्या भावाकडून डॉक्टर परदेशातली पत्र्याची इंजिनं आणि रूळ मागवायचे, त्यांची दिवाणखान्याची एक भिंत त्यानं भरली होती. मुंबईत नोकऱ्या करणारे, रजेवर गावी येणारे काही लोक. सगळे मिळून डझनभर माणसं असतील, पण इंजिनाची किंमत काय असावी यावर त्यांचे भांडण होईपर्यंत वाद चालत. शेटांचं म्हणणं, जितकं दिसतं तितकंच मोजायचं. डॉक्टरांचं म्हणणं, परदेशी इंजिन जकात धरून केवढ्याला पडतं ते बघायचं आणि त्यावरून ठरवायचं. मी म्हणायचो, किती तास काम केलं ते धरा, मास्तराच्या पगाराच्या हिशेबानं ताशी काय पडतं ते लावा, उत्तर येईल. मास्तर तिघांनाही हसायचे.

त्यांची स्वतःची पद्धत अशी होती. किंमत एका चिठ्ठीवर आधीच लिहून ठेवायची आणि ती नारळाच्या करवंटीखाली झाकायची. घेणाऱ्यानं इंजिन दोन्ही हातांत घ्यायचं, उघड्या हातांत, रुमाल-बिमाल नाही. त्याआधी मास्तर ते कितीतरी वेळ स्पिरिटानं पुसायचे, इतका वेळ की शेट एकदा म्हणाले, "मास्तर, न्हावक घातलास काय तेका?" मग घेणाऱ्यानं डोळे मिटायचे. शंभर आकडे होईपर्यंत वजन बघायचं, बोटांनी चाचपायचं. शंभरानंतर किंमत सांगायची. ती चिठ्ठीएवढी किंवा जास्त निघाली तर चिठ्ठीच्या किमतीला इंजिन त्याचं. कमी निघाली तर मास्तर इंजिन आत नेणार, आणि ते त्या माणसाला जन्मात पुन्हा दिसणार नाही. घासाघीस नाही. मी आल्यापासून आकडे मोजायचं काम माझ्याकडे आलं. मास्तर स्वतः त्या वेळी मागं विहिरीवर जाऊन घराकडे पाठ करून उभे राहायचे. तोंडावरून कुणाला काही कळू नये म्हणून.

पहिल्याच वेळी त्यांनी मला बजावलं होतं. "तुमी फकत मोजायचा. किंमत इंजिनान सांगूची. माणसान मधी तोंड घालूचा नाय."

डिझेलचं खूळ डॉक्टरांनी आणलं. त्यांच्याकडच्या एका इंग्रजी मासिकात नव्या डिझेल इंजिनाच्या मॉडेलचं चित्र होतं. आपल्याकडच्या रुळांवरही तेव्हा डिझेलं नवीनच येत होती. मास्तरांनी ते चित्र पाहिलं, मासिक बंद केलं आणि म्हणाले, "ह्या मी बघलंय नाय. बघूक होया." आठवडाभराची रजा काढून ते बोटीनं मुंबईला गेले. निघताना त्यांची आक्का, म्हणजे ती बहीण, दारापर्यंत आली आणि म्हणाली, "आधी थंय जा. मगे इंजिन." थंय म्हणजे कुठं ते मला तेव्हा कळलं नाही. परत आले ते वहीभर रेखाटनं घेऊन. यार्डाच्या कुंपणाशी चार दिवस उभे राहून, पेन्सिल धरून त्यांनी डोळ्यांनी मापं घेतली होती. एका हवालदारानं हटकलं तर त्यालाच त्यांनी इंजिनासमोर उभं केलं आणि त्याच्या उंचीवरून चाकाचं माप काढलं. आक्कानं विचारलं, "गेलंस?" मास्तर म्हणाले, "टायम झालो नाय." ती वळून आत गेली.

पुढं चौदा महिने त्यांनी ते डिझेल केलं. बाहेरून बघाल तर एक लांबट पेटी. धुराडं नाही, चाकांना जोडणारे दांडे नाहीत. पण छत दोन खिळ्यांवर उचलून निघायचं, आणि आत सगळं होतं. पंखा, नळ्या, सिलिंडरांची रांग, ड्रायव्हरची खुर्ची, तिच्यामागं लटकवलेला टोवेल. छत लावलं की यातलं काही दिसायचं नाही. मी म्हटलं, "मास्तर, हे कोण बघणार?"

"माका दिसता मां. तितक्याच पुरे."

त्याच दिवसांतली एक गोष्ट. जळती लाख त्यांच्या डाव्या अंगठ्याला चिकटली. चर्र आवाज झाला, कातडं करपल्याचा वास आला. मास्तर चाकाचा आस सरळ करण्यात गुंतले होते, ते त्यातच राहिले. मी ओरडलो तेव्हा त्यांनी अंगठ्याकडे बघितलं, लाख सोलून काढली आणि अंगठा धोतरात लपवला. मी दिपून गेलो. काय ही तंद्री, म्हटलं. आत आक्का एका बाटलीत काळपट तेल भरत होती. कसलं तेल म्हणून विचारलं तर ती पटकन म्हणाली, "कडू कवठीचा. चाकांका." कोकणातल्या कुणालाही ते तेल कशाला लावतात हे ठाऊक असतं. मी घाटावरचा. मी मनात नोंद केली की या माणसाला चाकांना साधं खोबरेलसुद्धा चालत नाही.

डिझेल पुरं झाल्यावर आधी शेट आले. पेटी हातात धरून त्यांनी डोळे मिटले, मी शंभर मोजले, आणि शेट डोळे उघडून म्हणाले, "धुराडा खंय? दांडे खंय? डब्याक चाकां लावलास, मास्तर. साठ." मास्तर विहिरीवरून आले, त्यांनी इंजिन उचलून आत नेलं. शेट गेल्यावर त्यांनी करवंटी उचलून मला चिठ्ठी दाखवली, एरवी ते कधी दाखवत नसत. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, दोनशे. माझा पगार तेव्हा सव्वाशे होता. चिठ्ठी पुन्हा झाकत ते म्हणाले, "डॉक्टरांनी पण कमी सांगल्यानी तर मी ह्यापुढे करूचंय नाय. हात तरी आता खंय चलतत." ते शेवटचं वाक्य मी वयावर घातलं. पण त्यांचा चेहरा मी पाहिला होता. त्यांना पैसे नको होते. आपण आत काय केलंय ते एका तरी माणसाच्या बोटांना कळावं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते कळलं नाही तर हा माणूस हातातलं काम ठेवून देईल आणि मग जगायचं कशासाठी हे त्यालाच कळणार नाही, असं मला वाटलं. मी घाबरलो.

डॉक्टर आले ते महिन्याभरानं, एका रविवारी दुपारी. बसताना म्हणाले, "मास्तर, परदेशातलं डिझेल मला दीडशेला घरपोच पडतं. त्याच्यावर जायचं तर माझ्या मनाला पटलं पाहिजे हां." मास्तर इंजिन पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी ते चटईवर ठेवलं, मागं सरले आणि म्हणाले, "हातात घेवा. डोळे मिटा." मग ते विहिरीकडे गेले.

मी मोजायला लागलो. पन्नासपर्यंत डॉक्टरांचा चेहरा निवांत होता. साठाच्या पुढं त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. शेटांच्या कपाळालाही अशाच पडल्या होत्या. सत्तर झाले, आठ्या वाढल्या. दाराच्या चौकटीतून मला विहिरीवरची पाठ दिसत होती. ऐंशीला मी थांबलो.

"डॉक्टरसाहेब, किंमत सांगण्याआधी माझं थोडं ऐका."

डॉक्टरांनी एक डोळा उघडला. "हे नियमात बसतं का?"

"नाही बसत," मी म्हटलं आणि सुरू झालो. आतलं काम सांगितलं, चौदा महिने सांगितले, मुंबईचं कुंपण सांगितलं. डॉक्टर मान डोलवत होते. मला चेव आला. मी म्हटलं, "माझ्यादेखत जळती लाख यांच्या अंगठ्यावर पडली, कातडं करपलं, पण या माणसाला पत्ता नाही! मी ओरडलो तेव्हा कळलं. अशी तंद्री कुठं बघितलीय का तुम्ही? आणि चाकांना तेल कुठलं घालतात, तर कडू कवठीचं. बाटल्याच्या बाटल्या भरलेल्या असतात आत."

डॉक्टरांची मान डोलायची थांबली. "कुठलं तेल म्हणालात?"

"कडू कवठीचं."

"आणि अंगठा कुठला?"

"डावा."

त्यांनी इंजिन सावकाश उलटं केलं आणि पोटावरची लाखेची टिकली उजेडात धरली. बराच वेळ बघत राहिले. "माझ्याकडच्या पहिल्या इंजिनावर रेघा स्पष्ट आहेत," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "ह्याच्यावर एकही नाही." मग त्यांनी इंजिन चटईवर ठेवलं, हात अंगापासून लांब धरले आणि मला म्हणाले, "जरा पाणी घाला." ओटीच्या कडेला बसून त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले. मी तांब्यानं पाणी घालत होतो आणि अजूनही मला काही कळलेलं नव्हतं.

तेवढ्यात मास्तर विहिरीवरून आले. डॉक्टर हात धूत होते. मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "मी मागाहून कळवतो," डॉक्टर म्हणाले आणि वहाणा घालून निघाले. किंमत न सांगता गेलेला तो पहिलाच माणूस. मास्तरांनी करवंटीला हात लावला नाही. ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

महारोग, असं तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावून हळू आवाजात सांगितलं. त्यात हातापायांची जाणीव जाते आणि कडू कवठीचं तेल त्यावरच लावतात, हेही. डॉक्टरांना मी दोष देत नाही. आता गोळ्या आहेत, वेळीच दवाखान्यात गेले तर थांबेल, असंही त्यांनी सांगितलं होतं. आक्काचं 'थंय' म्हणजे कुठं, ते मला तेव्हा उमगलं. पण शाळेत पोरं होती. राजीनामा हेडमास्तरांनीच लिहिला, प्रकृतीच्या कारणास्तव असा, आणि शिपायाबरोबर पाठवला. शिपायानं तो मास्तरांच्या घराच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधावर, ठेवला आणि वर चिरा ठेवून तो पळाला. संध्याकाळी तो सही होऊन त्याच चिऱ्याखाली होता. आठवड्याच्या आत मासे विकणारी कोळीण त्यांच्या वाटेनं जायची बंद झाली. शेजारणींनी विहिरीचा रहाट वेगळा मागितला. खडू टेबलावर ठेवून मागं सरणारा माणूस आम्हाला इतकी वर्षं कशापासून सांभाळत होता, हे कळल्यावर शिक्षकांच्या खोलीत कुणी विनोद केला नाही. मीही गप्प होतो. मी किती गप्प राहू शकतो हे मला तेव्हा कळलं.

मग इंजिनं परत यायला लागली. कुणी एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर खोक्यात घालून पाठवलं, कुणी पोस्टानं. शेटांची तीनही आली, ती फिनेलमध्ये बुडवून काढलेली, रंगाला फोड आलेले. एक उकळून काढलं होतं, त्याची लाख सुटून चाकं वेगळी पुडीत बांधलेली होती. विकलेल्या एकोणीस इंजिनांपैकी अकरा परत आली. पैसे कुणीही परत मागितले नाहीत.

मी कुडाळला गेलो तो डॉक्टरांशी भांडायला. माझ्याशी भांडायची हिंमत नव्हती म्हणून. त्यांनी मला बसवलं, चहा दिला. मी विचारलं, "तुमच्या कपाळाला आठ्या का पडल्या होत्या?"

"बायकोला काय सांगायचं याचा विचार करत होतो," डॉक्टर म्हणाले. "अडीचशे सांगणार होतो मी. छत न उचलताच बोटांना कळलं होतं की आत भरीव काम आहे. वजन कुठं कुठं वाटलंय ते कळत होतं. तुम्ही शंभरापर्यंत मोजलं असतं तर मी एवढंच बोललो असतो आणि इंजिन घेऊन घरी आलो असतो."

चहा तसाच टाकून मी निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांच्या गडग्याशी जाऊन उभा राहिलो. मास्तर ओटीवर होते. "येवा," ते म्हणाले, "पण भायरच रवा." त्यांनी परत आलेली इंजिनं केल्याच्या क्रमानं उलटी मांडली होती, शेवटी डिझेल. अकरा पोटं, उकळलेलं सोडून दहा टिकल्या, आणि अकरावी डिझेलची. गडग्यावरूनसुद्धा दिसत होतं. पहिल्या तीन-चारांवर अंगठ्याच्या रेघा शेतातल्या सऱ्यांसारख्या स्वच्छ होत्या. पुढं त्या तुटत गेल्या होत्या.

"ह्या बघा," ते मला वर्गात शिकवल्यासारखं दाखवू लागले. "पाचव्यापर्यंत माझो अंगठो आसा. आठव्याक अर्धोच. ह्या डिझेलार कोण आसा ता माकाच ठावक नाय." मग म्हणाले, "सगळ्यांनी फुकट परत दिल्यानी. आता तुमच्या गणितान किंमत काढा, गणितमास्तर."

मग त्यांनी विचारलं, "डॉक्टरांक काय सांगितलास?"

मी सगळं सांगितलं. लाख, अंगठा, तेल. ऐकताना ते मान खाली घालून बसले होते. दारामागं आक्का उभी होती, ती तोंडाला पदर लावून आत गेली.

"इंजिन बोलत होता मां," ते अगदी शांतपणे म्हणाले. "तुमी कित्याक बोललास?"

मला वाटलं होतं ते शिव्या देतील. त्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "डॉक्टर कितके सांगतले होते?"

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अडीचशे म्हटलं असतं तर माझी ती पाच मिनिटं निव्वळ घातकी ठरत होती. काही गरज नसताना मी एका माणसाला बुडवला होता, असा त्याचा अर्थ होत होता. आकडा कमी सांगितला तर मी निदान काहीतरी वाचवायला निघालो होतो, असं तरी म्हणता येत होतं.

"शंभर," मी म्हटलं.

मास्तरांनी डिझेलकडे बघितलं. हात न लावता, नुसतं बघितलं. "शंभर," ते म्हणाले. "मगे शेटाचाच खरा म्हणायचा." त्यांनी एकेक इंजिन उचलून आत न्यायला सुरुवात केली आणि मी गडग्यावरून निघून आलो.

ते गेले पंधरा दिवसांनी. वर घाटापलीकडे एका संस्थेत त्यांची सोय झाली होती. आक्का घर सांभाळायला मागं राहिली. सकाळच्या एस.टी.ला मी गेलो. दुसरं कुणी नव्हतं. मास्तर माणसांपासून लांब, स्टँडच्या टोकाला उभे होते, डावा हात झोळीत घातलेला. मला बघून त्यांनी झोळीतून डिझेल काढलं, बाजूला पडलेल्या चिऱ्यावर ठेवलं आणि दोन पावलं मागं झाले.

"घेवा," ते म्हणाले. "शंभराचाच आसा. तुमका परवडात. पैशे नको."

मी पुढं झालो. आणि वाकताना माझा हात खिशात गेला आणि रुमाल काढून घेऊन आला. मी ते ठरवलं नव्हतं. रुमालानंच मी इंजिन उचललं. मास्तरांनी ते पाहिलं आणि लगेच मान वळवून एस.टी.कडे बघायला लागले, मला लाज वाटू नये म्हणून. ज्या माणसानं उघड्या हातात घेतल्याशिवाय कुणाला किंमत सांगू दिली नव्हती, त्याच्या समोर मी हे केलं. कंडक्टरनं त्यांना मागचं बाक दाखवलं, ते चढले. गाडी सुटायला अवकाश होता. खिडकीशी जाऊन मी म्हणू शकलो असतो की मास्तर, शंभर नव्हे, अडीचशे. तुमचं काम त्या माणसाला डोळे मिटून कळलं होतं. दोन वाक्यं होती. गाडी सुटली तरी मी ती म्हटली नाहीत.

त्यांची पत्रं आक्काला यायची. तिसऱ्या वर्षी त्यांनी कळवलं की रोग थांबलाय, तसा दाखलाही मिळालाय. त्यांनी शाळेला अर्ज केला, शाळेनं उत्तर दिलं नाही. मी तेव्हा शाळेतच होतो. पुढं ते तिथल्याच रोग्यांना चित्रं काढायला शिकवत असत म्हणे. इंजिन मात्र त्यांनी पुन्हा केलं नाही. सहाव्या वर्षी पत्रं थांबली आणि मग ते वारल्याचं संस्थेचं कार्ड आलं.

डिझेल इतकी वर्षं माझ्या ट्रंकेत होतं, कडुनिंबाच्या पाल्यात, त्याच रुमालात बांधलेलं. कार्ड आलं त्या दिवशी मी ते बाहेर काढलं. रुमाल सोडला आणि उघड्या हातात घेतलं, डोळे मिटले, शंभर मोजले. डॉक्टर म्हणाले होते ते खरं होतं, ते बोटांना कळत होतं. मग मी छत उचललं. पंखा होता, नळ्या होत्या, टोवेल होता. ड्रायव्हरच्या खुर्चीवर घडी घातलेली एक चिठ्ठी होती, करवंटीखालची. तिच्यावरच्या 'दोनशे'वर एक आडवी रेघ मारलेली होती आणि खाली लिहिलं होतं, शंभर. अक्षर त्यांचंच होतं, पण वळण मोडलेलं, हातात पेन्सिल धड न धरता आलेल्या माणसाचं. कुणापुढंही किंमत न उतरवणाऱ्या त्या माणसानं ती माझ्या शब्दावर उतरवली होती.